शस्त्रक्रियेनंतरचा चेहऱ्याचा पक्षाघात
शस्त्रक्रियेत आनन चेतेला (सातवी मस्तिष्क चेता) इजा झाल्यास चेहऱ्याच्या एका बाजूची हालचाल मंदावते किंवा थांबते. कानाजवळील लाळग्रंथी, मध्यकर्ण व श्रवणचेतेवरील गाठ यांच्या शस्त्रक्रियांत हा धोका असतो. चेता केवळ ताणली गेली असल्यास हालचाल बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत परतते. तुटलेले तंतू मात्र दिवसाला सुमारे १ मिलिमीटरच वाढतात. तोवर खरी निकड डोळ्याची असते: पापणी न मिटल्याने पारपटल कोरडे पडून त्यावर व्रण होऊ शकतो. त्यासाठी कृत्रिम अश्रू व मलम वापरतात आणि झोपताना पापणी चिकटपट्टीने मिटवून ठेवतात.

वाढणारे तंतू कधी भलत्याच स्नायूंत शिरतात आणि हसताना डोळा मिटू लागतो. यास सहचलन म्हणतात. त्यामुळे जोर लावून केलेले व्यायाम हिताचे नसतात; आरशासमोर सावकाश, लहान हालचालींचा सराव करवला जातो. सहचलन त्रासदायक ठरल्यास बोटुलिनम विषाची अल्प मात्रा टोचतात.

चेता पूर्णपणे निकामी असल्यास तिला जिभेच्या किंवा चावण्याच्या स्नायूच्या चेतेची जोड देतात. ही जोडणी साधारणपणे १२ ते १८ महिन्यांच्या आत व्हावी लागते, कारण पुढे चेहऱ्याचे स्नायूच क्षीण होतात. तसे झाल्यास मांडीतील ग्रॅसिलिस स्नायूचा भाग गालात बसवतात. त्याला चावण्याच्या स्नायूची चेता जोडलेली असल्यास सुरुवातीला दात आवळल्यावरच हसू उमटते.