पाण्याच्या वाटेने : भरतपूर ते डीग

श्रोतेहो, मराठी माणसाच्या मनात भरतपूर हे नाव दोन निरनिराळ्या कप्प्यांत पडून असते. एका कप्प्यात पानिपताहून परतणारी, थंडीने आणि भुकेने गांजलेली माणसे असतात आणि त्यांना अन्नवस्त्र देणारा सूरजमल जाट असतो. दुसऱ्या कप्प्यात असतात पक्षी : बगळे, पाणकावळे, करकोचे, चमचे आणि हिवाळी पाहुण्यांचे थवे. या दोन कप्प्यांची किल्ली एकच आहे, हे मला इतिहासाच्या पदवीने शिकविले नव्हते. सरकारी कामानिमित्त त्या बाजूस गेलो असता दोन सुट्टीचे दिवस पदरात पडले आणि एक भाड्याची सायकल हाती आली, तिने ते शिकविले.

पायी चालणाऱ्याला प्रदेशाचा उतार फारसा जाणवत नाही. मोटारीत बसलेल्याला तर मुळीच नाही. सायकलस्वाराच्या मांड्यांना मात्र हातभर चढही कळतो. भरतपूरच्या भोवतालचा मुलूख हा असा, डोळ्यांना सपाट पण पायांना किंचित खोलगट. गंभीर आणि बाणगंगा या नद्या पावसाळ्यात आपले पाणी या खोलगटात आणून टाकीत आणि शहराला पुराचे भय असे. त्या पुराला आवर घालण्यासाठी अठराव्या शतकात सूरजमलाच्या काळी अजान बांध उभा राहिला, असे सांगतात. बांधाने पूर अडविला आणि पाण्याला दारे आली. पाण्याला दार आले की ते दार कोणाच्या हाती असावे हा प्रश्नही येतो. भरतपूरचा पुढचा बराचसा इतिहास हा या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

पहिल्या दिवशी मी शहरातून वायव्येकडे, कुंभेरवरून डीगला जाणारी वाट धरली. हे अंतर सुमारे पस्तीस किलोमीटर. मोहरीच्या शेतांमधून जाणारा हा रस्ता हिवाळ्यात डोळ्यांना सुखावतो. पण मराठी प्रवाशाला त्यावर थांबे घ्यावेच लागतात. कुंभेरच्या वेढ्यात 1754 सालच्या मार्चमध्ये मल्हारराव होळकरांचा एकुलता एक पुत्र खंडेराव तोफेचा गोळा लागून पडला. जवळच गांगरसोली येथे त्याची छत्री आहे. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी परावृत्त केले, आणि त्या सुनेने, अहिल्याबाईंनी, पुढे माळव्याचा कारभार कसा केला हे आपण जाणतोच. हिंदुस्थानभर घाट आणि विहिरी बांधणाऱ्या त्या साध्वीच्या आयुष्याला वळण मिळाले ते या शेतांच्या मधोमध.

ज्या सूरजमलाविरुद्ध हा वेढा पडला होता, त्यानेच सात वर्षांनी मराठ्यांना आश्रय दिला. भाऊसाहेबांशी न पटल्यामुळे तो त्यांची छावणी सोडून गेला होता. तरीही 14 जानेवारी 1761 नंतर दक्षिणेची वाट शोधीत आलेल्या निराधारांना त्याने दारे बंद केली नाहीत. बाजीराव-मस्तानींचा पुत्र समशेर बहाद्दर जखमी अवस्थेत याच राज्यात आला आणि येथेच त्याने देह ठेवला. कुंभेरचे वैर जमेस धरूनही हे औदार्य घडले, म्हणून त्याचे मोल अधिक.

डीगला पोचलो तेव्हा ऊन उतरू लागले होते. येथील महालांच्या एका अंगास गोपाल सागर आणि दुसऱ्या अंगास रूप सागर. मधल्या बागेतील कारंजी उंचावर बांधलेल्या प्रचंड हौदातील पाण्यावर, केवळ उताराच्या बळावर उडत. सणाच्या दिवशी त्या पाण्यात रंग सोडीत. जे पाणी शहर बुडवू शकले असते, त्याला या राजांनी नाचावयास शिकविले होते.

पण त्यांनी पाण्याला लढावयासही शिकविले होते. 13 नोव्हेंबर 1804 रोजी डीगच्या रणांगणावर यशवंतराव होळकरांच्या फौजेची इंग्रजांशी गाठ पडली. डिसेंबरअखेर डीगचा किल्ला गेला आणि होळकरांना भरतपूरच्या रणजितसिंहाने आश्रय दिला. 1805 च्या जानेवारी-फेब्रुवारीत लॉर्ड लेकने भरतपूरच्या मातीच्या तटावर चार हल्ले चढविले. चारही फसले आणि तीन हजारांहून अधिक माणसे त्याने गमावली. तोफेचे गोळे मातीत रुतून बसत आणि तटाभोवतीचा खंदक पाण्याने भरलेला होता. ते पाणी शहराबाहेरील मोती झिलेतून आले होते.

इंग्रज हा धडा विसरले नाहीत. वीस वर्षांनी गादीच्या तंट्याचे निमित्त होऊन लॉर्ड कंबरमिअर भरतपूरवर चालून आला, तेव्हा त्याने तटाला हात घालण्यापूर्वी, डिसेंबर 1825 मध्ये, झिलेचा बांध आणि त्याची दारे ताब्यात घेतली. खंदक भरू शकला नाही. 18 जानेवारी 1826 रोजी अजिंक्य भरतपूर पडले. 1805 साली ज्या पाण्याने लॉर्ड लेकला रोखले, त्याच पाण्याचे दार शत्रूच्या हाती गेले, आणि तेथेच निम्मा निकाल लागला.

दुसरा दिवस केवलादेवासाठी राखून ठेवला होता. हे सुमारे 29 चौरस किलोमीटरांचे उद्यान शहराला लागूनच आहे. आतील बंधाऱ्यांवरून जाणाऱ्या वाटांवर सायकल हेच उत्तम वाहन. दोन्ही बाजूंस पाणी, पाण्यात बाभळी, बाभळींवर रंगीत करकोच्यांची गर्दी. आपण पायडल मारणे थांबविले की चाकांची कुरकुर थांबते आणि पक्ष्यांचा कलकलाट तेवढा उरतो. मात्र ही दलदल निसर्गाने आपण होऊन केलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कालवे आणि पाळी बांधून, अजान बांधाचे पाणी आत घेऊन ती मुद्दाम सिद्ध केली, आणि तीही शिकारीसाठी. मंदिराजवळच्या शिलालेखांवर त्या शिकारींचे हिशेब कोरलेले आहेत. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो पाहुणे असताना एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. तेथे सायकल टेकवून मी तो आकडा दोनदा वाचला.

1956 साली येथे अभयारण्य झाले, तरी राजांचा शिकारीचा हक्क 1972 पर्यंत टिकला. डॉ. सलीम अली आणि मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी या पाणथळीसाठी पुष्कळ झीज सोसली. 1981 साली रामसर करारात आणि 1985 साली जागतिक वारशाच्या यादीत तिचे नाव आले. पण 1982 साली राष्ट्रीय उद्यान होताच आसपासच्या गावांच्या म्हशींना आत येण्यास बंदी झाली; दंगा उसळला आणि पोलिसांच्या गोळीबारात काही गावकरी मेले. सोसायटीचा दहा वर्षांचा अभ्यास तेव्हा नुकताच सुरू झाला होता. तो पुरा झाला तेव्हा निष्कर्ष निघाला की, पाण्यावर पसरणारे गवत आटोक्यात ठेवण्याचे काम म्हशीच करीत होत्या. त्या गेल्या आणि गवताने उघडे पाणी गिळले. निर्णय आधी आणि ज्ञान मागाहून, हा अनुभव आम्हा सरकारी माणसांना अपरिचित नाही. त्याची किंमत येथे माणसांनी दिली आणि पक्ष्यांनीही दिली, हे मात्र विसरता येत नाही.

पुढे पाण्याचे दारही दूर गेले. गंभीर नदीवर करौलीकडे पांचना धरण झाले. 2004 सालच्या दुष्काळात पाणी सोडण्यास तेथील शेतकऱ्यांनी विरोध केला. पिके वाळत असलेल्या शेतकऱ्याला पाहुण्या पक्ष्यांसाठी पाणी सोड म्हणणे सोपे नाही, आणि न सोडले तर काय होते हे कोरड्या पडलेल्या तळ्यांनी दाखविले. पुढे गोवर्धनच्या नाल्यातून नळाने पाणी आणण्याची सोय करावी लागली. ज्यांच्यासाठी भरतपूर जगभर प्रसिद्ध झाले ते सायबेरियन क्रौंच मात्र 2001-02 च्या हिवाळ्यानंतर येथे आले नाहीत. त्यांच्या न येण्याचा सगळा दोष भरतपूरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वाटेतल्या देशांतही त्यांच्यावर बंदुका रोखल्या जात होत्या.

परतताना बाभळीच्या काट्याने सायकलचे चाक बसले आणि ती हाताने ढकलीत मला बांधाच्या कडेने यावे लागले. त्यामुळे एक लोखंडी दार निवांतपणे पाहता आले : गंजलेले, साधे, दोन माणसांनी फिरवावयाचे. अशा दारापाशी कधी जाट उभा होता, कधी कंबरमिअरचे स्वार, कधी शिकारखान्याचा अधिकारी. आज तेथे माझ्यासारखाच कोणी सरकारी नोकर असतो, आणि त्याच्या एका बाजूस शेत असते, दुसऱ्या बाजूस घरटी. त्याने ते दार किती फिरवावे, याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात मिळणार नाही. ते दर वर्षी, पाऊस पाहून आणि दोन्ही बाजूंचे ऐकून, नव्याने शोधावे लागेल.

श्रोतेहो, आपण कधी आग्ऱ्यास गेलात तर भरतपूर तेथून फार दूर नाही. दोन दिवस काढा आणि सायकल घ्या. एक दिवस कुंभेर-डीगच्या वाटेला द्या, दुसरा केवलादेवाला. आपल्या पूर्वजांना ज्या मातीने एकदा आसरा दिला, तिच्या पाण्याची विचारपूस करणे हे आपले एक जुने देणे आहे.