तबकडीवरचे कुलूप : खान्देशातील जुना टेलिफोन पुरावा म्हणून कसा वाचावा, आणि दुरुस्त करताना काय जपावे?

१/
जळगावच्या दाणा बाजारातील किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरील एखादी जुनी पेढी मोडली जाते, माळा रिकामा होतो आणि खाली येतो एक काळा, जड टेलिफोन. त्याच्या तबकडीच्या एका भोकात छोटे कुलूप अडकलेले असते. किल्ली कधीच हरवलेली असते. मंडळींचा पहिला विचार असतो : कुलूप कापावे, फोन घासून चकचकीत करावा, दिवाणखान्यात मांडावा. जरा थांबावे. या कुलपात बराच इतिहास आहे. #धागा

२/
कुलूप का? फोन मोजक्या घरांत असे आणि त्याचा वापर मात्र सगळी आळी करी. जेथे एक्स्चेंजमधील मीटर प्रत्येक कॉल मोजत असे, तेथे तबकडी फिरली की मालकाचे बिल वाढे. म्हणून पेढी बंद करताना तिजोरीबरोबर टेलिफोनलाही कुलूप लागे. आलेला फोन उचलता येई, फोन फिरवता मात्र येत नसे.

३/
तरीही चतुर मुले आणि नोकर कुलूप न उघडता फोन लावत. रिसीव्हर उचलायचा आणि तो ज्या खटक्यावर ठेवला जातो तो खटका बोटाने भराभर दाबायचा. पाच हवे असतील तर पाच वेळा, मग क्षणभर थांबायचे, मग पुढचा आकडा. शून्यासाठी दहा वेळा. ताल चुकला की भलत्याच घरी घंटा वाजे. हे शक्य कसे होते?

४/
रिसीव्हर उचलताच एक्स्चेंजच्या बॅटरीचा सुमारे पन्नास व्होल्टचा प्रवाह तारेतून वाहू लागतो. तबकडीचे काम एवढेच की हा प्रवाह ठरावीक वेळा तोडायचा. आकडा ओढताना काहीच होत नाही. बोट काढल्यावर तबकडी ‘टक-टक’ करीत परतते, तेव्हा प्रवाह तुटतो : ३ ला तीन वेळा, ० ला दहा वेळा, सेकंदाला साधारण दहा या वेगाने. रिसीव्हरचा खटकाही प्रवाहच तोडतो. कुलूप तबकडी अडवी, खटका मोकळाच राही.

५/
ही टकटक ऐकणारे यंत्र अमेरिकेतील आल्मन स्ट्रोजर याचे. तो कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करी. आपली गिऱ्हाइके एक्स्चेंजमधील ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याचा संशय होता, अशी कथा सांगतात. १८९१ मध्ये त्याला ऑपरेटरविना चालणाऱ्या एक्स्चेंजचे पेटंट मिळाले. १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे असे एक्स्चेंज सुरू झाले. बोटाने फिरवायची तबकडी त्यानंतर काही वर्षांनी आली.

६/
त्याच्या यंत्रातील शेवटचा टप्पा डोळ्यांपुढे आणावा. शंभर जोडण्यांची एक अर्धवर्तुळाकार फळी : दहा ओळी, प्रत्येकीत दहा टोके. ४७ फिरवल्यास एक दांडा चार ठोक्यांनी चार ओळी वर चढतो आणि मग सात ठोक्यांनी सात घरे आडवा सरकतो. म्हणजे ग्राहकाचे बोट आणि गावातल्या एक्स्चेंजमधील लोखंडी दांडा एकाच तालात हलत असत. घरातला टेलिफोन हे अर्धेच यंत्र होते, उरलेले अर्धे एक्स्चेंजमध्ये होते.

७/
भारतात कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील टेलिफोन सेवेची औपचारिक सुरुवात २८ जानेवारी १८८२ ची. पहिले स्वयंचलित एक्स्चेंज मात्र १९१३-१४ मध्ये सिमल्यात, म्हणजे राज्यकर्त्यांच्या उन्हाळी राजधानीत उभे राहिले. लहान गावे दीर्घकाळ हाताने चालणाऱ्या एक्स्चेंजवरच होती. तेथे तबकडीची गरजच नव्हती. रिसीव्हर उचलला किंवा हातदांडा फिरवला की ऑपरेटर विचारी, “नंबर?”

८/
यातून पहिली ऐतिहासिक खूण हाती येते. फोनवर तबकडीच्या जागी कोरे झाकण असेल किंवा बाजूला हातदांडा असेल, तर तो हाताने चालणाऱ्या एक्स्चेंजसाठी बनलेला आहे. तबकडी असेल आणि तिला कुलूपही असेल, तर तो बहुधा स्वयंचलित एक्स्चेंजला जोडला गेला होता. मधे बसलेल्या ऑपरेटरने नंबर जोडायचा असता, तर तबकडीला कुलूप घालण्यात अर्थ नव्हता. भंगारात विकले जाणारे ते इवले कुलूप असा पुरावा देते.

९/
परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल ‘बुक’ करावा लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार होते. जितकी घाई, तितका दर. खान्देशासारख्या व्यापारी मुलखात या घाईला मोल होते. कापसाचा भाव मुंबईत ठरे, तर रावेर, सावदा, निंभोऱ्याची केळी रेल्वेने उत्तर भारतात जात. भाव पडल्याची बातमी एक दिवस उशिरा कळणे म्हणजे नुकसान. पेढीवरचा फोन गादीशेजारी, हाताच्या अंतरावर का असे, हे यातून समजते.

१०/
स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात मिळून सुमारे ऐंशी हजार टेलिफोन होते. १९४८ मध्ये बंगळूरला ‘इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज’ची स्थापना झाली आणि पुढे आयटीआयचे देशी बनावटीचे फोन घरोघर दिसू लागले. तरी मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे होती. १९४९ पासून ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेत मोठी रक्कम आगाऊ भरणाऱ्यास जोडणी लवकर मिळे. इतरांनी वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत थांबायचे.

११/
ज्यांना फोन मिळाला नाही, त्यांनी शेजाऱ्याचा नंबर आपला केला. जुन्या लग्नपत्रिकांत, बिलबुकांत, दुकानांच्या पाट्यांवर फोन नंबरापुढे कंसात ‘पी.पी.’ दिसते. म्हणजे फोन दुसऱ्याचा. तो उचलणारा माणूस गॅलरीतून हाक मारून बोलावून आणणार. तबकडीवरचे कुलूप आणि पत्रिकेवरचे ‘पी.पी.’ या एकाच टंचाईच्या दोन खुणा आहेत. एकीत मालकाची धास्ती आहे, दुसरीत शेजारधर्म. आणि पुष्कळदा दोन्ही एकाच घरात नांदत.

१२/
१९६० मध्ये कानपूर–लखनौ मार्गावर देशातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. ऑपरेटरविना परगावी थेट फोन! ही सोय गावोगाव पसरत गेली तसे कुलपाचे महत्त्व वाढले असणार, कारण आता एका निष्काळजी बोटाने दूरचा महागडा कॉल लागू शकत होता. एसटीडीसाठी आरंभी शून्य फिरवावे लागे. तबकडीवरचा सर्वात लांबचा प्रवास, पूर्ण दहा ठोके.

१३/
आता गावांचे कोड ठोक्यांत मोजून पाहा. दिल्ली ११ : दोन ठोके. मुंबई २२ : चार. जळगाव २५७ : चौदा. धुळे २५६२ : पंधरा. अमेरिकेत १९४७ च्या क्रमांक योजनेत मोठ्या शहरांना मुद्दाम कमी ठोक्यांचे कोड दिले गेले. न्यूयॉर्कचा २१२ म्हणजे पाचच. आपल्याकडील कोडांतही राजधानीला सर्वात कमी वेळ लागतो आणि खान्देशला बोट जास्त फिरवावे लागते, हे सहज दिसते. स्मार्टफोनवर हा फरक अदृश्य झाला, पण कोड तेच राहिले.

१४/
फोनबरोबर जुने लेटरहेड सापडले तर ते कधीही फेकू नये. पत्त्यात ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ असेल, तर तो १९०६ च्या विभाजनानंतरच्या आणि जळगाव, धुळे ही जिल्ह्यांची नावे रूढ होण्यापूर्वीच्या काळाकडे बोट दाखवतो. दोन-तीन आकडी फोन नंबर लहान एक्स्चेंज सुचवतो. आरंभीचा २ नसलेला सहा आकडी जळगावचा किंवा पाच आकडी धुळ्याचा नंबर २००२-०३ च्या सुमारास झालेल्या बदलाआधीचा असण्याचा संभव मोठा.

१५/
दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी धुळ्याचीच एक आठवण हवी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच आहे. घराघरांतील दुर्लक्षित दप्तरे गोळा करून मूळ कागद समोर ठेवणे, हे त्यांचे जीवनकार्य. कागदावरचा डाग पुसण्याच्या नादात अक्षर पुसले जाऊ नये, ही संशोधकाची शिस्त. वस्तूंच्या बाबतीतही तीच लागू पडते.

१६/
म्हणून स्क्रूड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी फोटो काढावेत : चारही बाजू, तळ, तबकडीच्या मध्यावरची चिठ्ठी, आतील तारांचे रंग. तळावरचे ठसे आणि अक्षरे कारखाना किंवा काळ सांगू शकतात. सँडपेपर त्यांना एका मिनिटात संपवतो. कोणाच्या घरून आला, कोठे ठेवलेला असे, कोण वापरी, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. ही माहिती कोणत्याही सुट्या भागापेक्षा लवकर नाहीशी होते.

१७/
काळे कवच पुष्कळदा बॅकेलाइटचे असते. लिओ बेकलँड याने १९०७ मध्ये तयार केलेले हे आरंभीचे कृत्रिम प्लॅस्टिक. ते पुन्हा वितळवता येत नाही, त्यामुळे तडा गेलेला भाग पूर्ववत होत नाही. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेले फडके पुरे. भिजत घालू नये, कडक रसायन लावू नये, खान्देशी उन्हात वाळवू नये. रंग तर मुळीच देऊ नये. बोटांनी झिजलेली जागा हा वापराचा दस्तऐवज आहे.

१८/
तबकडीची परीक्षा सोपी. शून्य फिरवून सोडावा; परतीला सुमारे एक सेकंद लागला पाहिजे. रेंगाळत असेल तर आत धूळ आणि घट्ट झालेले तेल साचलेले असते. परतीचा वेग आतील फिरत्या वजनांचा छोटा नियंत्रक सांभाळतो. त्याच्या घर्षणाच्या जागी तेल पडले तर वेग बिघडतो. तेलाचा अगदी बारीक थेंब, तोही केवळ फिरत्या आसाला. येथे घाई करणाऱ्यांनी अनेक चांगल्या तबकड्या गमावल्या आहेत.

१९/
आवाज घुसमटत असेल तर दोष बहुधा मायक्रोफोनचा. त्यात कार्बनचे बारीक कण असतात; आवाजाने ते दाबले जातात आणि प्रवाह बदलतो. दमटपणाने कण चिकटतात. हातावर हलके आपटल्यास पुष्कळदा सुटतात. घंटा गप्प असेल तर तिच्या वाटेतील जुना कपॅसिटर तपासावा. बदलावा लागलाच तर काढलेला भाग चिठ्ठीसह पिशवीत जपावा. घंटेच्या वेळी तारेत सुमारे ७५ व्होल्ट येतात, म्हणून फोन लाइनपासून सोडवूनच उघडावा.

२०/
एवढे करून फोन लागेल का? १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिचे वातानुकूलनाविना चालणारे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला सुरू झाले. पंचेचाळीस अंशांच्या जळगाव-भुसावळसारख्या मुलखासाठी अशा यंत्राचे मोल वेगळे सांगायला नको. या डिजिटल पिढीच्या एक्स्चेंजांनाही तबकडीची टकटक समजत असे. यंत्रे बदलली, तरी जुनी भाषा चालत राहिली.

२१/
खंड पडला तो तांब्याची तार जाऊन फायबर आल्यावर. घरातील फायबरच्या अनेक डब्यांना ठोक्यांची भाषा कळत नाही. जुना फोन जोडला तर घंटा वाजू शकते, आवाजही येतो. पण तबकडी फिरवून काही होत नाही. ठोक्यांचे आजच्या स्वरसंकेतांत भाषांतर करणारे छोटे उपकरण मधे बसवावे लागते. ते बाहेरून जोडावे. त्यासाठी जुन्या कवचाला भोक पाडू नये.

२२/
आणि कुलूप? ते तसेच राहू द्यावे. फोन चालता करायचाच असेल तर जुन्या कुलपांच्या कारागिराकडून किल्ली घडवून घ्यावी, कापू नये. उघडल्यावरही ते फोनसोबतच ठेवावे. कुलूप नसलेला चकचकीत फोन कोणत्याही घरचा असू शकतो. कुलूप असलेला फोन सांगतो की येथे बोलण्याला किंमत होती, ती कोणीतरी मोजत होते, आणि बहुधा कोणीतरी खटका दाबून ती चुकवतही होते.

२३/
दिवाळीची सफाई जवळ आली की खान्देशातील माळे पुन्हा रिकामे होतील. भंगाराची गाडी दारात येण्यापूर्वी एकदा तळावरचे ठसे पाहावेत, जुन्या बिलबुकांवरचे नंबर टिपावेत आणि ‘पी.पी.’ म्हणून कोणाचा फोन दिलेला असे, हे आजीला विचारावे.