रविवारची शिकवण आणि घरची ओवी

आपल्या स्मरणिकांमध्ये गणपती, झाकरी, बैठका यांच्यावर दरवेळी लेख येतात, आणि ते यायलाच हवेत. या वेळी मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. मराठी बोलणाऱ्यांमध्ये ख्रिस्ती माणसेही आहेत. आपली श्रद्धा मुलांच्या हाती कशी द्यायची, हा प्रश्न त्यांनाही पिढ्यान् पिढ्या पडत आला आहे. त्यांनी तो कसा सोडवला हे पाहिले, तर आपण देवळात जाणारे असू की चर्चमध्ये जाणारे, आपल्याला त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवते, म्हणून या इतिहासाकडे मी शिक्षिकेच्या नजरेनेच पाहणार आहे.

सुरुवात आपल्याच बेटापासून करू. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढे मुंबई बंदरातून येणाऱ्या जहाजांनी आपले कोकणातले आणि घाटावरचे पूर्वज इथे आणले. त्याच काळात, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. मात्र गुलामांना आणखी काही वर्षे जुन्याच मालकांकडे ‘उमेदवार’ म्हणून राबावे लागले. १८३९ मध्ये ते खऱ्या अर्थाने मोकळे झाले. त्यांच्यापैकी अनेकांना बाप्तिस्मा मिळाला होता, पण धर्म म्हणजे काय हे त्यांना बसून कोणी सांगितले नव्हते. ते नावाचे ख्रिस्ती होते, एवढेच.

१४ सप्टेंबर १८४१ रोजी फादर जाक देझिरे लावाल इथे आले. ते मूळचे फ्रान्समधले डॉक्टर. गोऱ्या मालकांची भाषा फ्रेंच होती आणि ती त्यांची स्वतःचीही भाषा होती. तीच लोकांनी शिकावी असा हट्ट ते धरू शकले असते. त्यांनी उलटे केले. ते स्वतः क्रेओल शिकले आणि प्रश्नोत्तरांची सोपी शिकवण क्रेओलमध्ये तयार केली. दिवसभर लोक कामावर असत, म्हणून ते संध्याकाळी शिकवत. मग जे स्त्री-पुरुष ती शिकवण नीट शिकले, त्यांच्यावरच त्यांनी इतरांना शिकवण्याचे काम सोपवले. गावोगावी लहान प्रार्थनाघरे उभी राहिली आणि तिथे शिकवणारी माणसे कालपर्यंत मळ्यात गुलाम होती. ९ सप्टेंबर १८६४ रोजी फादर लावाल वारले. १९७९ मध्ये पोपनी त्यांना ‘धन्य’ घोषित केले. आजही दर सप्टेंबरला सेंट क्रॉइक्सच्या समाधीकडे रात्रभर माणसे चालत जातात आणि त्यांत हिंदू, मुसलमान सगळे असतात. आपल्या घरांतूनही कितीतरी जण तिथे मेणबत्ती लावून आले आहेत.

शिक्षिका म्हणून मला यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याची भाषा आत्मसात केली. दुसरी, शिकणाऱ्यालाच त्याने शिक्षक केले. फादर लावाल गेले तरी शिकवण थांबली नाही, कारण ती एका माणसाच्या तोंडात राहिली नव्हती.

भारतीय मजुरांच्या बाबतीत मात्र क्रेओलवर भागण्यासारखे नव्हते. १८५४ मध्ये मॉरिशसला पहिले अँग्लिकन बिशप, व्हिन्सेंट रायन, नेमले गेले. त्यांच्या काळात चर्च मिशनरी सोसायटीने भारतात काम केलेले, तिथल्या भाषा येणारे मिशनरी मजुरांमध्ये पाठवले. धर्म कोणताही असो, वाट भाषेतूनच जाते, हे सगळ्यांनी ओळखले होते.

आता आणखी अडीचशेहून अधिक वर्षे मागे, पण आपल्या पूर्वजांच्याच कोकणपट्टीकडे जाऊ. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षे, मरेपर्यंत, तिथेच राहिला. सासष्टीच्या गावांमध्ये त्याने काम केले. तो काळ सोपा नव्हता, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. पोर्तुगीज सत्तेने सासष्टीतली देवळे पाडली होती आणि १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माच्या नावाने शिक्षा देणारे न्यायालय, होते. भीतीने माणूस चर्चमध्ये येतो, पण भीतीने त्याच्या नातवाच्या मनात श्रद्धा रुजत नाही. त्यासाठी वेगळे काही लागते.

स्टीफन्सने ते ओळखले. १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापले गेले. बायबलातल्या कथा त्याने मराठी ओव्यांमध्ये सांगितल्या आहेत आणि त्या ओव्या जवळजवळ अकरा हजार आहेत. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासूनच्या जुन्या कथा आहेत, दुसऱ्यात येशूचे चरित्र. पुराणाच्या आरंभीच तो एक प्रसंग रचतो. रविवारी चर्चमध्ये मुलांना प्रश्नोत्तरांची शिकवण चालली आहे. तेव्हा नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की ही शिकवण चांगली आहे, पण आमची जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी आम्हाला वाचायला-ऐकायला काहीतरी हवे. त्या मागणीचे उत्तर म्हणजे हे पुराण.

मला हा प्रसंग फार खरा वाटतो. त्या ब्राह्मणाने नेमके दुखणे सांगितले. प्रश्नोत्तरे पाठ होतात, पण दळताना किंवा सणाच्या रात्री कोणी प्रश्नोत्तरे म्हणत बसत नाही. तिथे ओवीच लागते. स्टीफन्सने प्रश्नोत्तरांचे पुस्तकही लिहिले होते, ते त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापले गेले. ते मराठीत नाही, कोकणीत आहे. मुलांची घरातली बोली कोकणी, म्हणून समजावण्याचे पुस्तक कोकणीत. पुराण, कीर्तन, ओवी यांची त्या लोकांना सवय होती ती मराठीत, म्हणून गाण्याचे पुस्तक मराठीत. एकाच माणसाने एकाच लोकांसाठी दोन भाषा का वापरल्या, याचे उत्तर इथे आहे. समज आणि गाणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि मुलाला दोन्हींची गरज असते.

पुढे काय झाले ते पाहा. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले होते, पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. तरी पुराण उरले, कारण लोकांनी हाताने नकला करून ते सांभाळले आणि चर्चमध्ये, घरी मोठ्याने वाचत राहिले. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते सोबत नेले. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने तिथल्या हजारो ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेले आणि १७९९ मध्ये त्याच्या मृत्यूनंतरच ते सुटले. त्या पंधरा वर्षांत या पुराणाच्या ओव्यांनी धीर दिला, असे त्या समाजाची परंपरा सांगते. शेवटी १९०७ मध्ये मंगळूरलाच जोसेफ सालदान्हा यांनी ते पुन्हा छापून काढले. छापील पुस्तक नाहीसे झाले आणि माणसांनी ते परत मिळवून दिले.

उत्तरेला वसईची गोष्टही अशीच आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज निघून गेले. राज्यकर्त्यांचा धर्म म्हणून जो आला तो राज्यकर्त्यांबरोबर जाईल, असे कोणालाही वाटले असते. तसे झाले नाही. तिथले शेतकरी, बागायतदार आणि कोळी ख्रिस्तीच राहिले. घरातली बोली त्यांनी सोडली नाही. सामवेदी ख्रिस्ती आजही कादोडी बोलतात आणि लग्नात बायका आपल्या बोलीतली गाणी म्हणतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत होऊ लागली तेव्हा वसईत ती मराठीत आली. तिथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सोप्या मराठीत आणले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

तिसरे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या कवीचे, म्हणजे आपल्यातल्या अनेकांच्या मूळ मुलखातले. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या काळी मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीते गायली जात. टिळकांनी त्या जागी अभंग आणि भजने रचली, कीर्तने केली. येशूच्या जीवनावर ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले आणि ते अपुरे राहिले असताना १९१९ मध्ये ते गेले. ते पुरे कोणी केले? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या आणि लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आजही मराठीत आवडीने वाचले जाते. सुरुवात पतीने केली, शेवट पत्नीने केला, आणि ती भजने महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये आजही गायली जातात.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या पूर्वजांनीही हेच केले होते. पुरोहित नव्हता, देऊळ नव्हते, तेव्हा झाकरीच्या फेरात आणि गौरीच्या गाण्यांत त्यांनी देवांच्या कथा मुलांना दिल्या. पण त्या वेळी समज आणि गाणे एकाच भाषेत होते. आज मुलाची घरातली भाषा क्रेओल आहे आणि गाण्याची भाषा मराठी. दोन्हींच्या मध्ये फट पडली आहे.

चतुर्थीच्या आधी एकदा मी वर्गात आरती म्हणून घेतली. बहुतेक मुलांना ती पाठ होती, काहींनी रोमन अक्षरांत लिहून ठेवली होती. अर्थ विचारल्यावर सगळी गप्प. त्याच वर्गात मराठी आडनावाची एक कॅथलिक मुलगी होती. तिला मी तिच्या प्रार्थनेचा अर्थ विचारला, तर तिने तो क्रेओलमध्ये ओळीओळीने सांगितला. तिची आजी कॅटेचिझमचा वर्ग घेते आणि ही धाकट्या भावाला शिकवते. मात्र त्या घरात मराठीतले एकही गाणे उरलेले नव्हते. पणजी कोणती ओवी म्हणत असे, हे आता तिथे कोणालाच सांगता येत नाही. एकाकडे गाणे आहे, अर्थ नाही. दुसरीकडे अर्थ आहे, गाणे नाही. स्टीफन्सने चारशे वर्षांपूर्वी जे दोन हातांनी दिले, त्यातला एकेक हात आपण सोडला आहे.

काही जण म्हणतात, अर्थ क्रेओलमध्ये सांगितला तर मराठी लवकर मरेल. मला ते पटत नाही. मराठी मरते ती न समजता म्हटल्याने. बारा-तेरा वर्षांचे मूल न समजणारी गोष्ट मोठ्यांच्या धाकाने म्हणते आणि धाक संपला की सोडून देते. आणि काही जण म्हणतात, सगळेच क्रेओलमध्ये करून टाका. तेही मला पटत नाही. चांगले गाणे भाषांतरात पोहोचत नाही, आणि ते एकदा तुटले की पुन्हा जोडता येत नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या वडीलधाऱ्यांना माझी तीन कामांची विनंती आहे. सण येण्याआधी एक संध्याकाळ मुलांना घेऊन बसा आणि जे गायचे आहे त्याचा अर्थ ओळीओळीने क्रेओलमध्ये सांगा. मग गाणे मात्र मराठीतच गा. दुसरे, घरातल्या आजींना येणाऱ्या ओव्या आणि झाकरीची गाणी देवनागरीत लिहून घ्या आणि त्यांच्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करा. सालदान्हांना निदान हातांनी केलेल्या नकला मिळाल्या, आपल्याकडे त्याही नाहीत. तिसरे, जे मूल शिकले त्यालाच धाकट्याला शिकवायला लावा. फादर लावाल यांच्या मळ्यातल्या माणसांनी हेच केले.

ज्या मराठी घरांनी चर्चची वाट धरली त्यांनाही एक सांगते. टिळकांची भजने आणि स्टीफन्सच्या ओव्या तुमच्याही वारशाच्या आहेत. त्या गाण्यासाठी श्रद्धा बदलावी लागत नाही, आणि श्रद्धा बदलली म्हणून आजीची भाषा परकी होत नाही. आमचे मराठीचे वर्ग तुमच्या मुलांसाठीही खुले आहेत. त्यांना जरूर पाठवा.