एस्कीसचे बारा तास

पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलासंस्थेत एकोणिसाव्या शतकात वास्तुकला शिकवली जाई ती स्पर्धांमधून. व्याख्याने होत, पण हजेरीची सक्ती नव्हती. खालच्या वर्गातून वरच्या वर्गात जायचे, तर स्पर्धांमध्ये गुण मिळवावे लागत. प्रत्यक्ष आराखडे काढायला विद्यार्थी शिकत ते एखाद्या नामांकित वास्तुविशारदाच्या अतेलिएत, म्हणजे त्याच्या कार्यशाळेत. तिथे मुरलेले विद्यार्थी नवख्यांच्या चुका दाखवत आणि नवखे मोठ्यांच्या स्पर्धेच्या चित्रांत रंग भरून देत.

या पद्धतीचे मूळ १६७१ साली चौदाव्या लुईच्या काळात स्थापन झालेल्या वास्तुकला अकादमीत आहे. अठराव्या शतकात तिथे वार्षिक पारितोषिक सुरू झाले आणि पुढे ते ‘प्री द रोम’ म्हणून गाजले. फ्रेंच राज्यक्रांतीत ही अकादमी बंद पडली, तरी स्पर्धा टिकल्या.

स्पर्धेचा कस लागे तो एस्कीसमध्ये, म्हणजे कच्च्या आराखड्यात. विद्यार्थ्याला एका खणात एकटे बसवत आणि हातात विषय देत: अमुक इमारत, अमुक दालने. जवळ पुस्तक नाही, गुरू नाही, वेळ बारा तासांचा. संध्याकाळी कच्चा आराखडा संस्थेकडे जमा व्हायचा आणि विद्यार्थी त्याची नक्कल घेऊन अतेलिएत परतायचा. मोठ्या विषयांवर पुढचे दोन-तीन महिने तोच आराखडा मोठ्या कागदांवर तपशिलासह फुलवायचा असे. मूळ कल्पना मात्र बदलायची नाही. अंतिम चित्रे एस्कीसशी ताडून पाहिली जात आणि फारकत दिसली की स्पर्धक बाद होई.

हा नियम जाचक वाटतो, पण या शिक्षणाचे मर्म त्यातच होते. अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायचा आणि मग त्यातल्या उणिवांसकट तो तडीस न्यायचा, ही सवय वर्गातल्या तासाने लागत नाही. प्रत्यक्ष कामातही पाया खणून झाल्यावर जिना दुसऱ्या कोपऱ्यात नेता येत नाही. भारतातल्या वास्तुकला महाविद्यालयांत ठरावीक तासांत सोडवायला देतात तो टाइम प्रॉब्लेम याच घराण्यातला.

प्री द रोम ही या साऱ्याची सर्वोच्च पायरी. ती फक्त फ्रेंच नागरिकांसाठी होती आणि वयाची अट तिशीच्या आतली. चाळणीच्या फेऱ्यांतून आठ-दहा जण उरत आणि काही महिने बंद खणांत अंतिम चित्रे काढत. जिंकणाऱ्याला सरकारी खर्चाने काही वर्षे रोमला राहायला मिळे.

१८४८ साली हा मान शार्ल गार्निए या लोहाराच्या मुलाने मिळवला. रोमहून परतल्यावर त्याच्या वाट्याला मोठी कामे आली नाहीत. १८६०च्या अखेरीस पॅरिसच्या नव्या ऑपेरागृहासाठी खुली स्पर्धा जाहीर झाली आणि १७१ आराखडे आले. पहिल्या फेरीत गार्निए पाचवा आला. दुसऱ्या फेरीत परीक्षकांनी एकमताने त्याचीच निवड केली. सम्राज्ञीच्या मर्जीतला, कितीतरी नामवंत वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूक पहिल्याच फेरीत मागे पडला होता. ओळखीपाळखीवर कामे मिळण्याच्या त्या काळात एका जेमतेम माहितीतल्या माणसाला एवढी इमारत स्पर्धेमुळेच मिळू शकली.

परदेशी विद्यार्थ्यांना रोमची आशा नव्हती, तरी ते येत राहिले. कॅलिफोर्नियाची जुलिया मॉर्गन १८९६ साली पॅरिसला आली तेव्हा या संस्थेत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. तो खुला झाल्यावर तिसऱ्या प्रयत्नात, १८९८ साली, तिची निवड झाली. तिशीनंतर स्पर्धांची दारे बंद होणार होती. तिने त्याआधी गुण पुरे केले आणि १९०२ साली या संस्थेचे वास्तुकलेचे प्रमाणपत्र मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. पुढे तिने सातशेच्या आसपास इमारती उभारल्या.

या पद्धतीत दोषही होते आणि ते किरकोळ नव्हते. अनेक विषयांत खरी जागा नसे, खर्चाचा हिशेब नसे. भव्य कागदी राजवाड्यांची चढाओढ चाले. परीक्षकांची आवड ओळखून चित्रे काढली जात. प्री द रोमचा १८२४चा विजेता आंरी लाब्रूस्तने रोमहून पेस्तुमच्या ग्रीक मंदिरांचा स्वतंत्र बुद्धीने केलेला अभ्यास पाठवला, तेव्हा क्रांतीनंतरची कला अकादमी बिथरली. त्याच लाब्रूस्तने पुढे सँत-जनव्हिएव्ह ग्रंथालयात लोखंडी कमानी उघड्या ठेवून सार्वजनिक इमारतीचे रूप पालटले. १९६८च्या विद्यार्थी आंदोलनानंतर प्री द रोम बंद झाले.

तरीही स्पर्धेतून अनोळखी विद्यार्थ्याला वाट मिळत राहिली. १९८१ साली वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकासाठी १,४२१ प्रवेशिका आल्या. त्यांवर नावे नव्हती, फक्त क्रमांक होते. निवडला गेलेला १०२६ क्रमांकाचा आराखडा येल विद्यापीठातल्या एकवीस वर्षांच्या माया लिनचा निघाला. मृत्यूशी निगडित वास्तूंवरच्या वर्गात तिने तो तयार केला होता: जमिनीत उतरणाऱ्या दोन काळ्या भिंती आणि त्यांवर मृतांची नावे. या साधेपणावर कडाडून टीका झाली, तडजोड म्हणून जवळच सैनिकांचा पुतळाही बसवण्यात आला, पण १९८२ साली भिंती तिच्या मूळ कल्पनेप्रमाणेच उभ्या राहिल्या.