झाड तोडायचे पैसे, झाड राखायचे पैसे

एक साधा प्रश्न. समजा, तुमच्या नावावर दोनशे एकर जमीन आहे. त्यातल्या चाळीस एकरांवर जुनं रान आहे, पार आजोबांच्याही आधीचं. ते साफ केलं तर तिथे गहू होईल, मेंढ्या चरतील, चार पैसे हातात येतील. उद्या सरकार म्हणालं, "हे रान सगळ्या देशाच्या भल्याचं आहे, हात लावायचा नाही", तर त्या भल्याचं बिल कोणी भरायचं? तुम्ही एकट्याने, की सगळ्या देशाने?

आपण शहरातली माणसं याचं उत्तर झटकन देतो. झाडं वाचलीच पाहिजेत, बस्स! बिल दुसऱ्याच्या नावाने फाटत असलं की उत्तरं अशीच सोपी असतात. ऑस्ट्रेलियाने मात्र गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाचं उत्तर तीनदा बदललंय. आधी झाडं तोडायला उत्तेजन दिलं, मग तोडायला बंदी घातली, आणि शेवटी राखायचे पैसे द्यायला सुरुवात केली. या गोष्टीत इतिहास आहे, कोर्टकचेरी आहे, एक खूनसुद्धा आहे. आणि आपल्या धंद्यातल्या लोकांना आवडेल असा एक सुरेख अल्गोरिदमही आहे.

निलगिरी म्हटलं की आपल्याला सर्दीचं तेल आठवतं, नाहीतर "ते पाणी पिणारं परकं झाड" ही तक्रार. ऑस्ट्रेलियात ते घरचं झाड. त्याच्या शेकडो जाती. आग्नेय ऑस्ट्रेलियात या झाडांची विरळ, मोकळी रानं होती. मोठमोठी झाडं, मध्ये भरपूर अंतर आणि खाली गवत. हे असं 'आपोआप' नव्हतं बरं का. तिथले आदिवासी हजारो वर्षं ठरावीक काळाने छोट्या छोट्या आगी लावून ते रान तसं राखत होते. १८३६ साली मेजर थॉमस मिचेल नावाचा सर्वेक्षक आजच्या व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिम भागातून गेला. तो मुलूख बघून इतका खूश झाला की त्याने त्याला 'ऑस्ट्रेलिया फेलिक्स', म्हणजे भाग्यवान ऑस्ट्रेलिया, असं नाव देऊन टाकलं. त्याला दिसलं ते तयार कुरण. ते कोणी तयार ठेवलं होतं, हा प्रश्न त्या काळात फारसा कोणाला पडला नाही. मेंढपाळ आले आणि मूळ मालक हाकलले गेले.

मग १८५१ नंतर सोन्याच्या मागे माणसांची रीघ लागली, आणि सोनं ओसरल्यावर त्या माणसांना जमीन हवी झाली. व्हिक्टोरियाच्या १८६९ च्या जमीन कायद्याने माणशी ३२० एकरांपर्यंत जमीन निवडायची मुभा दिली. पण अटी होत्या. तिथे राहायचं, कुंपण घालायचं, दहावा हिस्सा लागवडीखाली आणायचा, जमिनीत 'सुधारणा' करायची. झाडं काढणं ही सुधारणाच धरली जायची. झाड कापायला वेळ लागतो, म्हणून लोक बुंध्याभोवती सालीचा गोल पट्टा काढून टाकत. झाड जागच्या जागी वाळतं. त्या काळच्या फोटोंत अशी मैलोन् मैल उभी मेलेली झाडं दिसतात.

हे काही फक्त एकोणिसाव्या शतकातलं खूळ नाही. क्वीन्सलंडमध्ये १९६२ साली ब्रिगॅलो नावाच्या बाभळीच्या जातीची जंगलं साफ करायची सरकारी योजना आली. ज्यांना जमिनी मिळाल्या त्यांच्यावर झाडं काढायची अटच होती. आणि देशभर शेतकऱ्यांना जमीन साफ करायच्या खर्चावर आयकरात सूट मिळत असे. ती बंद झाली १९८३ साली. म्हणजे आपल्यातल्या काहींचा जन्म झाला तेव्हा तिथे झाड तोडणारा करसवलत घेत होता.

दुष्परिणाम कोणाला दिसलेच नाहीत असंही नाही. डब्ल्यू. ई. वुड नावाचे एक रेल्वे इंजिनिअर होते. १९२४ साली त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या निरीक्षणांवरून लिहिलं की मूळची झाडी गेली की जमीन आणि ओढे खारट होतात. कारण सोपं आहे. खोल मुळांची झाडं पावसाचं पाणी वर्षभर ओढून घेतात. त्यांच्या जागी गहू आला की पाणी खाली मुरतं, भूजल वर चढतं आणि खाली साठलेलं मीठ बरोबर घेऊन येतं. शेवटी गहूही उगवत नाही. (इंजिनिअरने वेळेवर बग रिपोर्ट करायचा आणि तो साठ वर्षं पडून राहायचा, ही परंपरा जुनी आहे तर!)

यानंतर सुरू झाला बंदीचा काळ. साउथ ऑस्ट्रेलियाने १९८३ मध्ये झाडी काढण्यावर नियंत्रण आणलं. शेतकरी भडकले. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला वाटत नाही. ज्या सरकारने बापाला 'झाडं काढ नाहीतर जमीन जाईल' म्हटलं, तेच सरकार मुलाला 'झाड काढलंस तर दंड' म्हणतंय. प्रकरण कोर्टात गेलं. १९८४ साली तिथल्या हायकोर्टाचा (हे त्यांचं सर्वोच्च न्यायालय) निकाल सरकारच्या विरोधात लागला. मग १९८५ च्या कायद्यात तोड निघाली. परवानगी नाकारली, तर शेतकऱ्याने ती झाडी कायमची राखायचा करार करायचा आणि जमिनीची किंमत जेवढी घटली तेवढी भरपाई घ्यायची. करार जमिनीला चिकटलेला, मालक बदलला तरी सुटत नाही. १९९१ साली नवा कायदा आला आणि भरपाईचा हा मार्ग बंद झाला. तोवर मोठ्या प्रमाणावरची तोड मात्र थांबली होती.

इतर राज्यांनी आपापले मार्ग काढले. क्वीन्सलंडने २००४ साली कायदा कडक केला, २००६ अखेर मोठी तोड बंद केली आणि शेतकऱ्यांसाठी १५ कोटी डॉलरचं पॅकेज दिलं. न्यू साउथ वेल्समध्ये मात्र बंदीबद्दल नुकसानभरपाई द्यायला सरकार तयार नव्हतं. इथे एक गंमत आहे, कडू गंमत. १९९७ च्या क्योटो करारात ऑस्ट्रेलियाने भांडून एक कलम घालून घेतलं होतं. त्यामुळे १९९० सालच्या जंगलतोडीचं उत्सर्जन हिशोबात धरलं गेलं आणि पुढे नुसती तोड कमी झाल्यामुळेही देशाचा आकडा चांगला दिसू लागला. म्हणजे शेतकऱ्याची कुऱ्हाड थांबली आणि हिशोब जमला देशाचा! शिवाय मालमत्ता घेताना 'न्याय्य मोबदला' द्यायचं घटनेतलं बंधन केंद्राला आहे, राज्यांना नाही. बंदी घातली राज्यांनी.

पीटर स्पेन्सर नावाचा शेतकरी याच मुद्द्यावर २००९ च्या शेवटी आपल्या शेतातल्या मनोऱ्यावर चढून उपोषणाला बसला. ५२ दिवस. कोर्टात तो हरला, पण प्रश्न गाजला. आणि २०१४ च्या जुलैमध्ये क्रोपा क्रीक या गावाजवळ ग्लेन टर्नर हा पर्यावरण खात्याचा अधिकारी तपासणीच्या कामावर असताना एका वृद्ध शेतकऱ्याने त्याला गोळ्या घालून मारलं. याचं समर्थन कुठल्याही हिशोबात बसत नाही. पण कागदावरचा एक नियम गावात किती विष कालवू शकतो, हे त्या दिवशी सगळ्या देशाला कळलं.

आता तिसरं उत्तर. व्हिक्टोरियात १९८९ पासून झाडी काढायला परवाना लागत होता. पण नुसतं न तोडणं पुरत नाही. मेंढ्या रोपं खातात, ससे आणि कोल्हे (दोन्ही बाहेरून आणलेले) धुमाकूळ घालतात, तण माजतं. न तोडताही रान मरतं. त्याला जपायला कोणीतरी काम करावं लागतं, आणि काम म्हटलं की मजुरी आली.

पण किती? इथे खरी मेख आहे. कोणत्या रानात किती जीव आहे हे सरकारच्या तज्ज्ञांना कळतं. ते जपायला आपल्याला खरा खर्च किती येईल हे फक्त शेतकऱ्याला माहीत असतं. सरसकट हेक्टरी दर लावला तर कोणाला फुकटचे पैसे मिळतात आणि कोणाला पुरतच नाहीत. यावर गॅरी स्टोनहॅम आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी २००१-०२ मध्ये एक प्रयोग केला. त्याचं नाव 'बुशटेंडर'.

पद्धत अशी. इच्छुक शेतकऱ्याने नाव कळवायचं. मग एक अधिकारी येऊन त्याच्याबरोबर रानात हिंडणार. कुंपण घालीन, पडलेले ओंडके सरपणाला नेणार नाही, मोठी झाडं ठेवीन, तण काढीन, अशी कामांची यादी दोघांनी मिळून ठरवायची. मग शेतकऱ्याने बंद पाकिटात आकडा लिहून द्यायचा, की एवढ्या कामाचे मला इतके डॉलर हवेत. सरकार प्रत्येक बोलीचा 'एका डॉलरमागे निसर्गाचा किती फायदा' असा गुणांक काढणार, त्यावर सॉर्ट करणार आणि बजेट संपेपर्यंत वरून घेत जाणार. कॉलेजात नॅपसॅकचा प्रॉब्लेम केला असेल त्यांच्या चेहऱ्यावर आता हसू आलं असेल. अगदी तेच, चोराच्या पोत्याऐवजी सरकारी तिजोरी! आणि एक हुशारी म्हणजे, आपलं रान किती दुर्मिळ आहे याचे गुण शेतकऱ्याला सांगितले नाहीत. नाहीतर त्याने भाव वाढवला असता.

पहिल्या फेरीत ९८ शेतकऱ्यांनी बोली लावली, ७३ जणांना करार मिळाले. खर्च सुमारे ४ लाख डॉलर. तेवढाच फायदा सरसकट दराने मिळवायचा तर त्याच्या जवळजवळ सातपट पैसे लागले असते, असा हिशोब त्या अर्थतज्ज्ञांनी पुढे मांडला.

मला मात्र सातपटीच्या आकड्यापेक्षा तो रानातला फेरफटका महत्त्वाचा वाटतो. तोपर्यंत सरकारी माणूस बांधावर आला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा यायचा. त्याच्या रानातली एखादी दुर्मिळ वनस्पती म्हणजे त्याच्यासाठी धोंडाच होता. कोणाला दिसायच्या आत उपटलेली बरी. आता तीच वनस्पती जमेच्या बाजूला आली. कायदा तोच, जमीन तीच, फक्त चिन्ह उणेचं अधिक झालं.

कल्पना पसरली. केंद्र सरकारने २००७ साली सुरू केलेल्या योजनेत याच विरळ निलगिरी रानांसाठी १५ वर्षांपर्यंतचे करार झाले. न्यू साउथ वेल्सने २०१६ साली कायदा बदलला आणि २०१७ मध्ये एक सरकारी ट्रस्ट काढला. पहिल्या पाच वर्षांसाठी २४ कोटी डॉलर ठेवून शेतकऱ्यांशी करार सुरू झाले, त्यात कायमचेही. पण त्याच बदलात झाडी काढण्याचे नियमही सैल केले, म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, अशी टीका झाली. मला ती रास्त वाटते.

आणखीही शंका आहेतच. पोपटांना घरट्यासाठी जी ढोली लागते ती निलगिरीत तयार व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतात, आणि बुशटेंडरचे पहिले करार होते तीन वर्षांचे. जो शेतकरी केवळ प्रेमापोटी रान राखत आला तो बोली कमी लावतो, म्हणजे त्याच्या प्रेमाचा त्याला तोटाच. आणि एकदा पैसे घ्यायची सवय लागली की पैसे थांबल्यावर काय? लिलाव काटकसर शिकवतो, न्याय शिकवतोच असं नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर एका दिवसात दिलं गेलं. १९७५ च्या कायद्याने महाराष्ट्रातली खाजगी वनं ३० ऑगस्ट १९७५ रोजी सरकारजमा झाली. त्यातून उठलेले खटले कित्येक दशकं चालले. मुंबईतल्या जमिनींबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल तर २०१४ साली आला. तोवर त्या जागांवर इमारती उभ्या राहून माणसं राहायलाही गेली होती. असो. तो वेगळ्या शनिवारचा विषय.

माझ्यापुरतं उत्तर असं. बंदी हवीच, कारण नुसत्या लिलावाने कुऱ्हाड थांबत नाही. पण बंदी माणसाला फक्त हात आखडायला लावते. कुंपण दुरुस्त करायला, तण उपटायला, पडलेला ओंडका तिथेच राहू द्यायला ती कोणाला सकाळी उठवत नाही. ते काम कोणी आपल्या सगळ्यांसाठी करत असेल, तर त्याची मजुरी देणं याला मी दान म्हणणार नाही. ती उधारी आहे, आणि शहरातल्या आपल्यासारख्यांच्याच नावावर आहे.