‘पाँच’ मला आवडला होता, आत्याला नाही

बीटेकला असताना एका सीनियरने पेनड्राइव्हवर एक पिक्चर दिला. ‘पाँच’, अनुराग कश्यपचा पहिला सिनेमा. हिंसा, नशा, एकही चांगलं पात्र नाही, अशा कारणांवरून सेन्सॉर बोर्डाने अडवलेला. पुढे मंजुरी मिळाली, तरी वर्षानुवर्षे थिएटरला लागलाच नाही. म्हणून तर अजून भारी! रॉक बँडमधली पोरं पैशासाठी मित्राच्या अपहरणाचं नाटक करतात आणि मग एकामागून एक खून पडत जातात. के. के. मेननचा ल्यूक बघून आम्ही येडे झालो होतो.

सुट्टीत पुण्याला आत्याला उत्साहाने सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “तुला भारी वाटलं?”

1976 साली आत्या दहा वर्षांची होती. त्या जानेवारीत पुण्यातल्या अभिनव कला महाविद्यालयाच्या काही विद्यार्थ्यांनी वर्गमित्रालाच पळवून मारलं आणि नंतर त्याच्या वडिलांकडे खंडणी मागितली. 31 ऑक्टोबरला जोशी कुटुंबातले तिघं गेले. 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण. मार्च 1977 मध्ये आणखी एक तरुण. एकूण दहा. आणीबाणीचे दिवस होते. संध्याकाळ झाली की लोक दारं लावून घ्यायचे. आत्या आजही बेल वाजली की दोनदा विचारते, “कोण आहे?” चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली.

या एपिसोडसाठी कांजूरमार्गच्या खोलीत मी ‘पाँच’ परत बघितला. खरं सांगतो, अजूनही ताकदीचा वाटला. एक दादागिरी करणारा पोरगा बाकीच्यांना कसा ओढत नेतो, हे कश्यपने अचूक पकडलंय. पुण्याच्या घटनेवरून त्याने फक्त ठिणगी घेतली, गोष्ट स्वतःची रचली. तो त्याचा हक्कच आहे.

पण या वेळी एक गोष्ट खटकली. कॅमेरा कायम मारणाऱ्यांसोबत आहे. मेलेले येतात आणि जातात. आपणही तेच करतो ना? या प्रकरणावरच्या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचंही नाव ‘जक्कल’, म्हणजे मुख्य आरोपीचं आडनाव.

आणि अभ्यंकर कोण होते? काशिनाथशास्त्री अभ्यंकर, संस्कृत व्याकरणाचे मोठे पंडित. त्यांचा संस्कृत व्याकरणाचा इंग्रजी कोश 1961 साली बडोद्याहून निघाला. तो आज नेटवर आहे, अभ्यासक अजून वापरतात. त्या रात्री त्यांच्यासोबत पत्नी, नातू, नात आणि घरकाम करणारी बाईही गेली. ल्यूकचे डायलॉग मला पाठ होते. शास्त्रीबुवांचं पूर्ण नाव मात्र मला गेल्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं.

‘पाँच’ बघू नका, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः दोनदा बघितलाय. पण बघितलात तर नंतर तो कोशही एकदा उघडा, दोन पानं चाळा.

आत्याला हा एपिसोड पाठवतोय. बघू, ऐकते का. भेटू पुढच्या वेळी!