पंखांची मोटार आणि चारोटीचा पूल

मोटार धावते जमिनीवरून. मग तिला पंख कशासाठी? प्रश्न बालिश वाटेल. परंतु मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी ज्यांच्या स्मरणात असेल, त्यांनी तिची मागील बाजू डोळ्यांपुढे आणावी. दोन्ही दिव्यांपाशी पत्र्याची कड किंचित उंचावून टोकदार झालेली असे. त्या टोकाचे कूळ पाहू गेल्यास आपणांस थेट आकाशात जावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेपाशी पी-३८ नावाचे जोडशेपटीचे लढाऊ विमान होते. जनरल मोटर्स कंपनीत मोटारींचे आकार ठरविणारे हार्ली अर्ल यांच्या मनात ते भरले, आणि १९४८ च्या कॅडिलॅक मोटारीला मागे दोन उंचवटे फुटले. पुढे १९५३ साली अर्लसाहेबांनी ‘फायरबर्ड’ घडविली. ती म्हणजे चाकांवर बसविलेले जेट विमानच! आत एकाच माणसाची बैठक, अंग काचतंतूंचे, आणि पोटात ३७० अश्वशक्तीचे गॅस टर्बाइन. मागून निघणारा वायू इतका तप्त की पाठीमागे उभे राहण्याची सोय नाही. असली मोटार विकावयाची नसते, दाखवावयाची असते.

१९५६ ची दुसरी फायरबर्ड टायटॅनियम धातूची व चौघांना बसण्याजोगी होती. तिच्याबरोबर कंपनीने एक चित्रपटही दाखविला. त्यात एक कुटुंब १९७६ सालचे स्वप्न पाहते: रस्त्यात विजेची यंत्रणा पुरलेली आहे, मोटार आपली आपणच चालते आहे, आणि यजमान चाकावरचे हात काढून निवांत बसले आहेत. माझ्या मते साऱ्या प्रकरणात विचार करण्याजोगे काही असेल, तर ते हे. पंख ही शोभा होती. रस्ता हे वचन होते.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक पृथ्वीभोवती फिरू लागला. पुढल्याच वर्षी आलेल्या तिसऱ्या फायरबर्डला लहानमोठे सात पंख होते, आणि सुकाणूच्या चाकाऐवजी विमानासारखा दांडा. १९५९ च्या कॅडिलॅकचे पंख तर इतके उंचावले की त्याहून उंच ते पुढे कधी झालेच नाहीत. योगायोग असा की, त्याच वर्षी स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत नील्स बोलीन या अभियंत्याने छातीवरून व कमरेवरून जाणारा पट्टा मोटारीत बसविला. बोलीन हेही विमानांकडूनच आले होते. वैमानिकाला संकटकाळी बाहेर फेकणारी आसने ते पूर्वी तयार करीत. एकाने विमानाची शेपटी उचलली, दुसऱ्याने वैमानिकाच्या जिवाची काळजी. कंपनीने या पट्ट्याचे पेटंट सर्वांस मोकळे ठेवले.

आपल्याकडे आधी आले ते पंख. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळुरास विमानांचा कारखाना काढला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून इटालियन घडणीची फियाट ‘डिलाइट’ बाहेर पडू लागली. तीच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. अमेरिकेत पंख ओसरत असता आमच्या पद्मिनीने ते अखेरपर्यंत मिरविले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवर उरली नाही.

आता त्या दुसऱ्या वचनाकडे, म्हणजे रस्त्याकडे वळू. अहमदाबादेहून मुंबईस येणारा महामार्ग तलासरी तालुक्यात आच्छाडपाशी महाराष्ट्रात शिरतो, आणि डहाणू तालुक्यात चारोटीजवळ सूर्या नदी ओलांडतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री उदवाड्याहून याच वाटेने परतत होते. मोटार उत्तम जर्मन बनावटीची, अपघातात फुगणाऱ्या संरक्षक पिशव्यांनी सज्ज. पुलापाशी तीन पदरी वाट दोन पदरी होत होती. मोटार पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढे बसलेले दोघे वाचले. मागे बसलेले मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी दगावले. मागच्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांस आढळले.

या अपघाताची वार्ता देशभर झाली, ती मिस्त्री यांच्या नावामुळे. परंतु याच महामार्गाच्या दोहों अंगांस वारली बांधवांचे पाडे आहेत, आणि तेथील माणसांना हा रस्ता पायी ओलांडावा लागतो. त्यांच्यापाशी मोटारही नाही आणि पट्टाही नाही. आपोआप चालणाऱ्या त्या अमेरिकन रस्त्याची कल्पनाच मुळी अशी की, त्यावर मोटारीवाचून दुसरे कोणी येऊ नये. १९७६ साल आले आणि गेले. तसला रस्ता खुद्द अमेरिकेतही अवतरला नाही.

पट्ट्याचे मात्र काहीसे झाले. मागे बसणाऱ्यांसही तो बांधण्याचा नियम कायद्यात पूर्वीपासून होता, पण तो पाळतो कोण? चारोटीच्या अपघातानंतर, १ नोव्हेंबर २०२२ पासून, मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी मोटारीतील प्रत्येकास तो सक्तीचा केला. बोलीन यांच्या पट्ट्यास तोवर ६३ वर्षे झाली होती.